दोन चाळण्यांचं एकमत

मी नेमकं काय काम करते ते आईला एकदा दहा मिनिटं समजावून सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे पोस्टमनच्या पिशवीतली पत्रं वाटेतच काढून घ्यायचं काम." बाबा शेजारी बसून पेपर वाचत होते. ते काहीच बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मला जास्त लागलं, कारण लोकांपर्यंत जाणारा कागद वाटेत अडवणाऱ्यांबद्दल आमच्या घरात कधीच चांगलं बोललं गेलेलं नाही.

बाबा भोसरीच्या एका कारखान्यात कामगार होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. माझं लहानपण त्या गठ्ठ्यांवर बसून गेलं. पातळ पिवळा कागद, ठळक अक्षर, दर ओळीला उद्गारवाचक चिन्ह. चौथीत 'माझा आवडता पक्षी' या निबंधाची सुरुवात मी "मित्रांनो, जागे व्हा!" अशी केली होती. पुढे इंजिनिअरिंगला असताना फीवाढीवर स्वतःच पत्रक लिहिलं आणि प्राचार्यांच्या खोलीबाहेर दोन तास उभी राहिले. तेव्हा त्याचा फार अभिमान वाटला होता. आता आठवतात ते दुखणारे पाय.

शिफ्ट सुटताना गेटवर पत्रकं वाटून झाली की बाबा लगेच घरी यायचे नाहीत. रस्त्यानं पुढे चालत जायचे आणि लोकांनी टाकलेली पत्रकं उचलायचे. मी बरोबर असले तर पावलं मोजायचं काम माझं. गेटपासून दहा पावलांच्या आत पडलेलं पत्रक न वाचता टाकलेलं. तीसच्या पुढे पडलेलं, म्हणजे निदान पहिला परिच्छेद वाचून झालेला. ज्या दिवशी बरीचशी दहाच्या आतच सापडायची, त्या दिवशी बाबा लोकांना नावं ठेवायचे नाहीत. "पहिली ओळ चुकली," म्हणायचे आणि जेवणं झाली की नवीन लिहायला बसायचे.

अशा माणसाची मुलगी सिंगापुरात आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये चौथ्या मजल्यावर बसून लोकांची मेल अडवते. पोटासाठी अडवते, आणि चांगली अडवते असं लोक म्हणतात.

आमची कंपनी पाच माणसांची. ज्यांना स्वतःचा मेल सर्व्हर सांभाळणं परवडत नाही अशा छोट्या धंद्यांचे मेल आम्ही सांभाळतो. मालक मिस्टर टॅन साठीला आलेले, भले, आणि कायम घाबरलेले. बाहेरून येणारं प्रत्येक मेल आधी आमच्या चाळणीतून जातं. चाळणी म्हणजे एक सॉफ्टवेअर. ते प्रत्येक मेलला गुण देतं आणि या परीक्षेत जास्त गुण मिळणं वाईट. लॉटरी लागल्याचं सांगितलंत, गुण. पत्ता एक आणि पाठवणारा भलताच निघाला, गुण. ठरावीक मर्यादा ओलांडली की मेल कचऱ्यात. पक्ष्यांच्या लाळेची, सूप करून खायची घरटी विकणाऱ्या मिसेस गो आमच्या जुन्या ग्राहक. त्यांच्या मालाचं खरंखुरं वर्णन 'त्वचा तरुण, आयुष्य दीर्घ' असंच असतं, त्यामुळे गिऱ्हाइकांनी त्याच शब्दांत पाठवलेली मागणीही कचऱ्यात जायची. दर दोन महिन्यांनी त्या स्वतः येऊन माझ्या टेबलावर संत्री ठेवत आणि म्हणत, "तुझ्या मशीनला सांग, मी चोर नाही."

गुण देण्याच्या नियमांची यादी मी पहिल्यांदा वाचली तो दिवस लक्षात आहे. मोठ्या लिपीतली अक्षरं, गुण. ओळीनं तीन उद्गारवाचक चिन्हं, गुण. 'तातडीचे', गुण. एकच मजकूर एकदम अनेकांना, गुण. मला वाटलं, बाबांना समोर बसवूनच ही यादी केलीय. त्यांचं एकही पत्रक या चाळणीतून पलीकडे गेलं नसतं.

चाळणीला आणखी एका रीतीनं अक्कल येते. लोक नको असलेल्या मेलवर 'जंक'चं बटण दाबतात, त्यावरून ती धडा घेते. अशा मजकुराला, अशा माणसाला इथे किंमत नाही, हे तिच्या लक्षात राहतं. हे शिकलेलं सगळं एका फाइलीत साठत जातं. आमच्या जुन्या चाळणीची ती फाइल कित्येक वर्षांची होती.

गेल्या वर्षी ती चाळणी बदलायची वेळ आली. बनवणाऱ्यांनी तिची देखभाल थांबवली होती आणि फसवणाऱ्यांना तिच्या खोडी पाठ झाल्या होत्या. चाळणी बदलायची पण मेल थांबवायचे नाहीत, म्हणजे वरच्या टाकीचा कॉक बंद करता येत नसताना नळाचा वॉशर बदलायचा. याची एक रीत आहे. आधी सगळ्या सर्व्हरची प्रत काढायची आणि ती प्रत दुसरीकडे चालवून बघायची. चालवून न बघितलेल्या प्रतीला आम्ही बॅकअप म्हणत नाही, श्रद्धा म्हणतो. मग नवी चाळणी जुनीच्या शेजारी बसवायची, पण तिनं फक्त मत द्यायचं, हात लावायचा नाही. असा एक आठवडा. दोघींची मतं रोज ताडून बघायची आणि जिथे मतभेद होईल ते मेल आपण डोळ्यांनी वाचायचं. सगळं जमतंय असं वाटलं की बदल करायचा. त्या काही मिनिटांत येणाऱ्या मेलांना दारातून सांगायचं, 'आत्ता नको, थोड्या वेळानं या.' आणि ती खरंच थोड्या वेळानं परत येतात. इंटरनेटवर एवढी एक सभ्यता अजून शिल्लक आहे.

माझा स्वतःचा एक नियम यात भर घालतो. हे काम मी भर दुपारी करते.

"सगळे लोक हे पहाटे दोनला करतात," टॅन म्हणाले. "तू एकटीच दुपारी दोनला. का?"

"पहाटे मोडलं तर कळणार कुणाला?"

"दुपारी मोडलं तर सगळ्यांना कळेल!"

"तेच तर पाहिजे."

"आय्या," म्हणून टॅननी कपाळाला हात लावला. पण करू दिलं.

आठवडाभर मी मतभेदाची मेलं वाचली. शेकड्यांनी वाचली. मिसेस गोंची मागणी जुनीनं अडवली होती, नवीनं सोडली होती. ते बघून बरं वाटलं. मंगळवारी दुपारी बदल झाला. एक मेल हरवलं नाही, एक तक्रार आली नाही. टॅननी खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवरून सगळ्यांसाठी बर्फ घातलेली कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणली आणि इथल्या सवयीनं 'लाह' लावून मला म्हणाले, "ओके लाह, दुपारी पण चालतं." या धंद्यात कौतुक एवढंच मिळतं, कारण काम नीट झालं याचा अर्थ कुणाला काहीच दिसलं नाही.

एक बदल मात्र एका ग्राहकाच्या मागणीवरून केला होता. सेम्बावांगला जहाजदुरुस्तीचं काम करणारी एक कंपनी आमच्याकडे आहे. तिथले ऑपरेशन्स मॅनेजर सबनीस मूळचे डोंबिवलीचे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झाली, आणि ही कंपनी आमच्याकडे आली ती त्यांच्या शब्दावर. मी सर म्हणायचे. ते म्हणायचे, "अगं, काका म्हण. परदेशात सर कसला?" काकांचं म्हणणं होतं की जंकचा फोल्डर भरून वाहतोय, ज्याचे गुण फारच वर आहेत ते मेल माणसांपर्यंत आणूच नका, सर्व्हरवरच अडवा. जुनीला हे येत नव्हतं, नवीला येत होतं. मी करून दिलं.

पुढच्या सोमवारी सकाळी ऑफिसचा फोन वाजला.

"मेल मशीनच्या मिस तुम्हीच?"

"हो, बोला."

"मी पेरुमल. सेम्बावांगहून. मिस, तुमच्या मशीनला विचारून सांगा ना, माझं गुरुवारचं मेल गेलं की नाही. सकाळी अकराचं."

"कुणाला पाठवलं होतं?"

"सगळ्यांना."

आमचं बोलणं इथल्या इंग्रजीत चाललं होतं. मी मराठीत देतेय. बोलता बोलताच मी शोधलं. मेल होतं, अडवलेल्यांच्या ढिगात. एकोणीस जणांना एकदम पाठवलेलं. विषय सगळा मोठ्या लिपीत: 'अर्जंट!!! परांची नंबर चार फळी सैल!!! माणूस पडेल!!!' सोबत फळीचे सहा फोटो.

"अण्णा," मी म्हणाले, "मेल तुम्ही पाठवलंत. आमच्याकडे आलं. पुढे गेलं नाही."

पलीकडे ग्राइंडरचा आवाज चालू होता.

"शनिवारी माणूस पडला, मिस," ते म्हणाले. "रफिक. वेल्डर. त्याच फळीवरून. पाय दोन जागी मोडलाय. जिवंत आहे."

पेरुमल तिथे सेफ्टी कोऑर्डिनेटर. तमिळनाडूतल्या एका गावातून येऊन वीसेक वर्षं झालेली. फळी हलतेय हे त्यांनी गुरुवारी फोरमनला तोंडी सांगितलं होतं. फोरमन म्हणाला, लेखी लागतं, मेल कर. त्यांनी केलं. आता ऑफिस म्हणत होतं, मेल कुणालाच आलं नाही. म्हणजे तू कळवलंच नाहीस. "सेफ्टीवाल्यानं कळवलं नाही तर सेफ्टीवाला ठेवायचा कशाला? बुधवारी मीटिंग आहे. बुधवारनंतर माझं वर्क परमिट राहील की नाही, माहीत नाही. मिस, तुम्ही आत्ता जे बोललात ते कागदावर देता?"

"देते," मी म्हणाले. ते बोलायला सोपं होतं.

फोन ठेवला आणि माझ्याच आठवडाभराच्या नोंदी उघडल्या. त्या आठवड्यातली पेरुमलची मेलं मला एकदाही का दिसली नव्हती? कारण मी फक्त मतभेद वाचले होते. पेरुमलबद्दल जुन्या आणि नव्या चाळणीत मतभेदच नव्हता. दोघी म्हणत होत्या, कचरा. आणि नवी तसं का म्हणत होती? जुनीची शिकलेली फाइल मी तिला जशीच्या तशी दिली होती म्हणून. तिच्या कानात जुनीचंच मत सांगायचं, मग दोघींना वेगवेगळं विचारायचं, आणि एकमत झालं की समाधानानं पुढे जायचं. हे मी केलं होतं. घरात बहुमताविरुद्ध बोलायला शिकलेल्या मुलीनं एकमत तपासायचं नाही असं ठरवलं होतं, कारण एकमताची मेलं फार होती आणि वाचायचा कंटाळा आला होता.

जुनी चाळणी हे कुणाकडून शिकली तेही नोंदींमध्ये होतं. पेरुमल मेल पाठवत ते स्वतःच्या फोनवरून, फुकटच्या खात्यातून. कंपनीचा पत्ता ऑफिसातल्यांना असतो, यार्डातल्यांना नाही. त्यामुळे ते बाहेरचे, आणि बाहेरचा म्हणून चाळणीच्या तोंडी. ऑफिसातल्या सहा जणांनी गेली दोन वर्षं त्यांच्या मेलांवर जंकचं बटण दाबलं होतं. सगळ्यात जास्त वेळा दाबणारं नाव सबनीसांचं होतं.

टॅनना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"छोटं लिहिता येईल? 'तांत्रिक अडचण होती, दूर केली.' एवढंच?"

"मेल आलं होतं हे तरी लिहावं लागेल."

"ते लिही. बटणाचं कशाला? आपण मेलवाले. लोकांची बटणं मोजणारे नाही." मग खिडकीबाहेर बघत, "तुझा इथे काम करायचा पास पण यंदा रिन्यू करायचाय. ग्राहक गेला तर मी कुठल्या तोंडानं अर्ज करू?" ते धमकी देत नव्हते. खरंच हिशेब करत होते, आणि तो हिशेब त्यांना आवडत नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी सबनीसांनी घरी बोलावलं. बिशानला त्यांचा कॉन्डो, पाचव्या मजल्यावर. काकूंनी चकल्या पुढे ठेवल्या. त्यांची दहा वर्षांची मुलगी गृहपाठ करता करता म्हणाली, "पपा, शी इज नॉट इव्हन ईटिंग लाह." काकूंनी तिला आत नेलं.

"अगं, मला कुणाचं वाईट करायचं नाही," काका म्हणाले. "पण तू एकदा त्या माणसाची मेलं वाच. संडासाचा नळ गळतोय, अर्जंट, तीन उद्गारचिन्हं. कॅन्टीनमध्ये मांजर शिरली, अर्जंट, तीन उद्गारचिन्हं. फळी सैल, तेही तसंच. दिवसाला दहा. माणसानं वाचायचं काय?"

"म्हणून बटण दाबलंत?"

"हो, दाबलं! मला काय माहीत त्यावरून तू मशीनला शिकवतेस ते? मला वाटलं, माझ्यापुरतं जातं. तू कधी सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. आम्ही कुणालाच सांगत नाही. सांगितलं की लोक दहा प्रश्न विचारतात, आणि दहा प्रश्नांची उत्तरं द्यायला वेळ नसतो. काकांचं पहिलं म्हणणंही मला खोडता येईना. गेटपासून दहा पावलांच्या आत पडलेली पत्रकं मी स्वतःच्या हातांनी उचललेली आहेत.

"तू हे सगळं लिहिणार?" ते म्हणाले.

"हो."

"मी तुझ्या टॅनकडे तुझ्याच भरवशावर काम दिलं होतं. आपला माणूस म्हणून."

"काका, पेरुमल कुणाचे?"

हे वाक्य मी फेकलं, आणि फेकल्याबरोबर जाणवलं की ते पत्रकातलं आहे. काकांना ते लागलं. मला मात्र त्यानं काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. खाली उतरून एमआरटी स्टेशनाकडे चालताना हातात रुमालात बांधलेल्या चकल्या होत्या. काकूंनी दारात कोंबल्या होत्या.

अहवालाचा पहिला मसुदा वाचायच्या लायकीचा नव्हता. त्यात 'अक्षम्य' हा शब्द दोनदा आला होता. तो फाडला आणि साधं लिहिलं. एक, गुरुवारी सकाळी अकरा वाजता पेरुमल यांचं मेल आमच्या सर्व्हरवर आलं. दोन, ते आम्ही अडवलं. बदल करताना मी फक्त मतभेद तपासले, एकमत तपासलं नाही, ही माझी चूक. तीन, चाळणी ते आपल्या ऑफिसातल्या सहा जणांच्या बटणांवरून शिकली. बटणानं असं होतं हे आम्ही त्यांना कधी सांगितलं नव्हतं, हीसुद्धा आमचीच चूक. सहा नावं मी मजकुरात लिहिली नाहीत. नोंदींची प्रत मागे जोडली, त्यात ती होती. हे धैर्य होतं की पळवाट, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

टॅननी वाचलं, 'चूक' हा शब्द आलेल्या दोन ठिकाणी बोट ठेवलं, उचललं, आणि सही केली. "चल," म्हणाले, "मी पण येतो."

बुधवारी सेम्बावांगला त्या खोलीत पेरुमलना मी पहिल्यांदा पाहिलं. बारीक, पांढऱ्या मिशांचे, हेल्मेट मांडीवर. कंपनीच्या डायरेक्टर बाईंनी अहवाल वाचला, मागची पानं उलटली आणि सबनीसांकडे बघून विचारलं, "हे तुम्ही दाबलं?"

सबनीसांनी ती पानं आपल्याकडे ओढून पाहिली. त्यांना म्हणता आलं असतं, चुकून झालं असेल. ते म्हणाले, "हो. मीच दाबलं. बऱ्याचदा." त्यांच्याबद्दल मला त्या क्षणी जो आदर वाटला तो त्यांना सांगायची संधी नंतर मिळाली नाही.

पेरुमलची नोकरी राहिली. त्यांना कंपनीचा मेल पत्ता मिळाला आणि त्या पत्त्याचं काहीही अडवायचं नाही असा नियम मी स्वतः घातला. रफिकचा पाय जुळला, पण परांचीवर तो परत चढणार नाही असं ऐकलं. आमच्या कामाच्या रीतीत एक पायरी वाढली: एकमतानं फेकलेली मेलंसुद्धा रोज मूठभर उचलून वाचायची. टॅननी मला काढलं नाही. पासही झाला. नवीन ग्राहकाकडे जाताना मात्र आता ते मला बरोबर नेत नाहीत. आणि यंदाच्या गणपतीत सबनीसांनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला तो मागच्या माणसाकडे बघत.

इथे हे लिखाण संपवायला हवं होतं. हे छापणाऱ्या संपादकांनाही तेच बरं वाटलं असतं.

त्या मीटिंगनंतर महिन्याभरानं सर्व्हरची नेहमीची तपासणी करताना लोकांनी आपापल्या खात्यात घातलेले नियम बघत होते. सेम्बावांगच्या ऑफिसातल्या अकरा जणांनी एक नवा नियम केला होता: पेरुमलकडून आलेलं मेल सरळ 'नंतर' नावाच्या फोल्डरमध्ये टाक. आधी सहा होते. या अकरांत सबनीस नव्हते, आधीचे बाकी पाच होते. हे माझ्या चाळणीनं केलेलं नव्हतं. त्यांचं खातं, त्यांचा फोल्डर, त्यांचा हक्क. माझ्याकडे करण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा वेळेआधी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पेरुमलना फोन केला. "अण्णा, मेल पोचतात. पण बरेच जण उघडत नाहीत."

"माहीत आहे," ते म्हणाले. "उघडलं असतं तर नळ गळायचा थांबला असता."

"मोठी अक्षरं सोडा ना. साधं लिहा."

"मिस, फळी सैल आहे. हळू आवाजात कसं सांगू?"

बाबांबरोबर गेटवर जे शिकले होते, तेवढं मी सांगितलं. नळ, मांजर आणि फळी एका आवाजात सांगू नका. एका दिवशी एकच गोष्ट. आणि मेलच्या भरवशावर राहू नका, हातात कागद द्या.

"परवानगी?"

"सेफ्टी नोटीस म्हणून मागा. नाही कोण म्हणेल?"

डायरेक्टर बाईंनी हो म्हटलं. पहिला कागद आम्ही दोघांनी फोनवर लिहिला, अर्धं पान. पेरुमलना वर 'अर्जंट' हवं होतं. मी म्हणाले, त्याऐवजी सुरुवातीला लिहा, 'उद्या सकाळी तुम्ही ज्या शिडीवर पाय ठेवणार आहात तिची तिसरी पायरी तुटकी आहे.' त्यांनी ते वाक्य स्वतःशी दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "कॅन, चालेल. पण शेवटी एक उद्गारचिन्ह माझं."

शुक्रवारी साडेपाचला मी सेम्बावांगला गेले. काम सुटत होतं. पेरुमल गेटपाशी उभे होते, हातात पिवळे कागद. प्रिंटरजवळ तेवढा एकच रंग उरला होता म्हणे. वेल्डर, रंगारी, ऑफिसातल्या मुली, सगळ्यांच्या हातात ते एकेक कागद देत होते, मान जराशी झुकवून. सबनीसांची गाडी आली. काच खाली झाली, हात बाहेर आला, कागद आत गेला. गाडी पुढे गेली. त्यांनी मला पाहिलं की नाही, कळलं नाही.

सगळे पांगल्यावर मी सवयीनं रस्त्याकडे बघितलं. एकही कागद नव्हता. इथे रस्त्यावर काही टाकलं तर दंड होतो. मग गेटशेजारच्या कचऱ्याच्या डब्यात डोकावले. तीन-चार पिवळे कागद. बसस्टॉपजवळच्या डब्यात त्याहून पुष्कळ, काही घडी घातलेले. म्हणजे बाकीचे लोकांबरोबर गेले होते.

तिथूनच बाबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. माझं काम त्यांना मी इतकं सविस्तर पहिल्यांदाच सांगत होते. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "तो दुसरा डबा गेटपासून किती पावलांवर?"

मी मोजलं नव्हतं. बस आली होती, ती जाऊ दिली. गेटपाशी परत गेले आणि फोन कानाला धरूनच चालायला लागले.

"चौसष्ट," मी म्हणाले.

"मग वाचलंय," बाबा म्हणाले. "सोमवारी काय लिहिताय?"